दर पंचेचाळीस सेकंदांनी

सेल रात्री बाराला संपणार.
आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, साडेदहा वाजलेत
आणि मी अजून तीन सिंथमध्ये अडकलोय,
जशी कुमुदआत्या अडकायची तुळशीबागेत
स्टीलच्या दोन सारख्याच डब्यांपुढे.
ती नखाने वाजवून बघायची दोन्ही.
मीही तेच करतोय.

पहिला गोड आहे. जरा जास्तच.
कुठलीही पट्टी दाबा, श्रीखंड.
दुसऱ्याला साडेचारशे बटणं,
त्यातलं एक नक्की काय करतं
हे बनवणाराही विसरला असावा.
तिसरा एका जुन्या मशीनची नक्कल,
दोषांसकट. तापला की सूर उतरतो म्हणे,
आणि त्याचेच जादा पैसे.
सूर उतरायला पैसे कशाला?
आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला ते फुकट असतं.

लायब्रऱ्यांचं आणखी वेगळं.
तंतुवाद्यांची एकटीच चाळीस जीबी.
धायरीचं नेट दोन रात्री घेईल
आणि डिस्कवर जागा करायची तर
अन्वयाच्या बारशाचे व्हिडिओ हलवावे लागतील.
कुठे, ते तिची आई ठरवेल.

एकीत ढोल आहे, आपला. म्हणजे तसं लिहिलंय.
प्रत्येक ठोका सात वेळा वाजवून घेतलेला,
सातही किंचित वेगळे,
आळीपाळीने येतात, म्हणजे कानाला
मशीनचा संशय येत नाही.
ऐकला. स्वच्छ होता. आंघोळ घातलेला.
म्हणून परवा फोन घेऊन नदीपात्रात गेलो,
पथकाचा सराव चालू होता तिथे.
रेकॉर्डिंगमध्ये आलं ते एवढंच:
फाटलेल्या आवाजाची एक सलग भिंत,
आणि भिंतीच्या अलीकडे, अगदी ठळक,
"गाडी तिकडे नाही हो, तिकडे!"
घरी येऊन मी आंघोळ घातलेलाच लावला.
लाज वाटली का? वाटली. कमी आवाजात.

पण खरं अडलंय चौथ्यापाशी.
विकत न घेतलेला, वापरून बघायला दिलेला.
दर पंचेचाळीस सेकंदांनी तो गप्प होतो,
दोन सेकंद,
वाण्याने वहीवर बोट ठेवावं तसा.
तीन महिने त्याच्यावर हात बसवला मी,
चाकणहून दुसरी पाळी संपवून आल्यावर,
रात्री एकला, हेडफोन लावून.
ओळ कुठे सोडायची, कुठे उचलायची
ते त्या दोन सेकंदांच्या हिशोबाने ठरत गेलं.
पंचेचाळीस झाले की मी श्वास घ्यायचो.
त्या खाचेत घर ऐकू यायचं:
फ्रिजची घरघर, अन्वयाचं कुशीवर वळणं,
कधी शर्वाणीचं "झालं का?"
इतकं मऊ, की विचारलं की मलाच वाटलं
ते कळू नये.

अकरा पन्नासला घेतला. चौथाच.
कार्डावरचा नंबर शर्वाणीने वाचून दाखवला,
कारण कार्ड तिचं.
पाच हजार नऊशे. ओटीपी. हिरवी खूण.
मग जुनी चाल उघडून पहिल्यापासून लावली.

पंचेचाळीस सेकंद झाले.
तो थांबला नाही.
मी थांबलो, सवयीने,
आणि माझीच चाल
मला स्टॉपवर ठेवून पुढे निघून गेली.
पुन्हा लावली. पुन्हा तेच.
आवाज सगळे जागच्या जागी, उजळ, भरगच्च,
आणि मधे पाय टेकायला कुठे जागाच नाही.

आता पावणेएक.
माउसने, एकेक करून,
मी ते दोन सेकंद कापून काढतोय.
"मग पैसे भरून मिळालं काय?" शर्वाणी विचारते.
"कात्री," मी म्हणतो.
ती हसत नाही; उद्या तिची सकाळची ड्यूटी.

तिसऱ्या खाचेला अन्वया रडली,
हात हलला, दोनाचे तीन सेकंद झाले.
तिला खांद्यावर घेऊन ऐकतोय.
तीनच बरे वाटतायत.